प्रोजेक्ट कुणाचं आणि हात कुणाचे?

जानेवारी-फेब्रुवारी आला की बायकांच्या मंडळांकडे, बचत गटांकडे, वस्त्यांमधल्या केंद्रांकडे कलामहाविद्यालयांतल्या मुलामुलींची ये-जा वाढते. वार्षिक सबमिशन जवळ आलेलं असतं. कुणाला 'स्त्री आणि अवकाश' या विषयावर मांडणी करायची असते, कुणाला 'श्रम' या विषयावर चित्रमालिका, कुणाला नुसतंच 'टेक्स्चर' हवं असतं. मुलं नम्र असतात, चहा घेतात, फोटो काढू का असं विचारतात. आपणही नाही म्हणत नाही. तरुण मुलं वस्तीत येताहेत, बायकांशी बोलताहेत, याचं आपल्याला कौतुकच वाटतं. माझं म्हणणं असं की हे कौतुक आता पुरे झालं. या प्रोजेक्टांचा हिशेब एकदा मांडायला हवा. आणि तो मुलांकडे मागून उपयोग नाही, तो महाविद्यालयांकडे मागायला हवा आणि आपल्या संघटनांकडेही.

या लेखाला निमित्त झालं ते एका विद्यार्थिनीच्या वहीचं. चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी गेल्या वर्षी आमच्या केंद्रात सहा आठवडे येत होती. कलेच्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्टबरोबर एक 'प्रोसेस'ची वही द्यावी लागते : कल्पना कशी सुचली, काय करून पाहिलं, काय फसलं, काय शिकले. बरीच मुलं ती सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत लिहून काढतात, हेही तिनंच सांगितलं. तिनं मात्र दोन वह्या ठेवल्या होत्या. एक वर्गात दाखवायची आणि एक स्वतःची. ही दुसरी वही तिनं मला वाचायला दिली आणि नाव न घालता तिच्याविषयी लिहायला परवानगीही दिली. एकाच कामाच्या दोन वह्या का ठेवाव्या लागतात, हाच माझा प्रश्न आहे.

पहिल्या वर्षाला टाकाऊ वस्तूंमधून त्रिमित रचना करायची होती. तिची आई घरी ब्लाउज शिवते. उरलेले तुकडे घडी घालून एकावर एक रचले आणि दोऱ्यानं आवळले की दगडासारखे घट्ट होतात, ही युक्ती आईची. आई असं गाठोडं मशीनच्या हलणाऱ्या पायाखाली टेकण म्हणून ठेवते. मुलीनं त्यातून एक मोठी रचना उभी केली. रात्री आईही सोबत बसली. मार्क चांगले मिळाले. वर्गातल्या वहीत लिहिलंय : 'मी कापडाच्या घनतेचा शोध घेतला.' स्वतःच्या वहीत लिहिलंय : 'आईचं नाव लिहिलं असतं तर काम माझं नाही म्हणाले असते.'

खोटं लिहायची हौस म्हणून तिनं ते लिहिलं नाही. सबमिशनच्या पहिल्या पानावर 'हे काम सर्वस्वी माझं आहे' अशी सही करावी लागते. मार्क एका माणसाला द्यायचे असतात, म्हणून कामही एका माणसाचं असावं लागतं. चार हातांनी झालेलं काम या चौकटीत बसवायचं तर तीन हात लपवावे लागतात. (शाळेच्या 'हस्तकला प्रोजेक्टा'ची पुठ्ठ्याची घरं रात्री बारापर्यंत कोण चिकटवतं, हे सगळ्या आयांना ठाऊक आहे. शिक्षिकांनाही ठाऊक आहे, कारण त्याही आया असतात.) म्हणजे आईचा हात झाकण्याचं शिक्षण पहिलीपासूनच सुरू होतं. पदवीपर्यंत ते इतकं अंगवळणी पडतं की त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटेनासं होतं.

दुसऱ्या वर्षी तिनं दोऱ्यानं भरलेलं एक व्यक्तिचित्र केलं. त्यावर शेरा आला, 'छान आहे, पण फार डेकोरेटिव्ह.' त्याच वेळी वर्गातल्या एका मुलानं गोणपाट आणि काटेरी तार एकत्र शिवून काम केलं, ते 'धाडसी' ठरलं. मला त्या मुलाशी भांडायचं नाही, त्याचं काम चांगलंही असेल. पण शिवणं दोन्हीकडे होतं. सुई मुलाच्या हातात गेली की ती हत्यार होते आणि मुलीच्या हातात राहिली तर ते भरतकाम, असा हा न्याय आहे. त्या मुलीनं पुढं दीड वर्ष सुईला हात लावला नाही. मोठमोठ्या कॅनव्हासवर जाड रंगाचे थर देत राहिली. वहीत त्या काळातली पानं फार थोडी आहेत, आणि जी आहेत त्यात रंगाच्या ट्यूबांच्या किमतीच जास्त.

शेवटच्या वर्षी ती आमच्याकडे आली ती गोधडीसाठी. आमच्या वस्तीतल्या नऊ जणी गोधड्या शिवून देतात. जुनी लुगडी, साड्या, धोतरं यांचे थर अंथरायचे, कडेकडेनं धावदोरा घालत आत आत सरकायचं. दोन वेळचा स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी सांभाळून एका गोधडीला पंधरा दिवस ते तीन आठवडे जातात. मुलीची मूळ कल्पना अशी होती की प्रत्येकीनं आपला चेहरा टाक्यांनी काढायचा, नाव 'ओळख'. बायका गप्प बसल्या. मग त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क आजी म्हणाल्या, "पोरी, तोंडं कशापायी? आरसा हाय की घरात. घरं घाल. किती घरं सोडली ती घाल."

आणि प्रोजेक्ट बदललं. प्रत्येकीनं आपण सोडलेल्या घरांचे नकाशे टाक्यांनी काढले. माहेरचं घर, दुष्काळात सोडलेलं गावचं घर, नवऱ्यानं बाहेर काढलेलं घर, रस्तारुंदीत गेलेली झोपडी. चूल कुठं होती, दार कुठल्या अंगाला होतं, मोरी होती की नव्हती. एकीनं सात घरं घातली. एकीनं एकच घातलं आणि उरलेलं कापड कोरं ठेवलं. आजींनी आपल्या तुकड्याखाली मेलेल्या आईच्या लुगड्याचा पदर घातला. मुलगी स्वतः रोज शिवायला बसायची. नऊ तुकडे जोडून मोठी गोधडी तिनंच उभी केली, ती टांगायची कशी, उजेड कुठून सोडायचा, हे सगळं तिचं. काम उत्तम झालं होतं, हे मी कौतुकापोटी म्हणत नाही. आमच्या केंद्रात रोज येणाऱ्या बायका त्याच्यासमोर उभ्या राहून आपापली घरं मोजत होत्या.

हे सगळं तिच्या स्वतःच्या वहीत आहे, आजींचं वाक्य तारखेसकट. वर्गातल्या वहीत मात्र कन्सेप्ट नोटची सुरुवात 'मला असं जाणवलं की' अशी आहे.

प्रदर्शनात चिठ्ठीवर विद्यार्थिनीचं नाव, मार्गदर्शक सरांचं नाव, कामाचं शीर्षक, माध्यम : वापरलेलं कापड व दोरा. त्याखाली बारीक अक्षरात 'स्थानिक महिलांच्या सहकार्याने'. आमच्या सहा जणी एस.टी.नं प्रदर्शन बघायला गेल्या. आजी आपला तुकडा शोधत पुढं झाल्या आणि हात लावणार तोच तिथल्या स्वयंसेवकानं त्यांना थांबवलं. भिंतीवर पाटीच होती, 'कृपया हात लावू नये.' पोरगा उद्धट नव्हता, त्याला त्या कोण ते माहीत नव्हतं. माहीत असण्याची सोयच कुठं केलेली नव्हती.

त्याच दिवशी एका पाहुण्यांनी ते काम विकत घ्यायची तयारी दाखवली आणि मग खरी गाठ समोर आली. पैसे कुणाचे? मुलगी गोंधळून आमच्याकडे आली. तिचे सर तिला म्हणाले होते, "कल्पना ज्याची तो कलाकार. त्या बायकांना काहीतरी मानधन दे, म्हणजे झालं."

हे वाक्य सरांचं एकट्याचं नाही, ते अख्ख्या कलाशिक्षणाचं आहे, म्हणून ते नीट तपासू. धातूच्या पुतळ्याचं ओतकाम ओतशाळेतले कारागीर करतात, आणि तरी पुतळा शिल्पकाराचा. ठीक आहे, तिथं निदान साचा त्याचा असतो आणि ओतशाळेचं बिल ठरल्याप्रमाणे चुकतं होतं. छापखान्याला बिल मिळतं, फ्रेम करणाऱ्या सुताराला बिल मिळतं. सुताराला कुणी 'सहकार्य' म्हणत नाही. बिल मिळत नाही ते फक्त बायकांच्या शिवणाचं, कारण ते 'त्या करतच असतात'. आणि 'कल्पना ज्याची' हाच नियम लावायचा म्हटला तर इथं कल्पना आजींची होती! म्हणजे ज्या नियमानं बायकांना बाजूला सारलं जातं, तोच नियम प्रामाणिकपणे लावला तरी त्यांचं नाव वर यायला हवं. तसं होत नाही, कारण निरक्षर बाईला कल्पना सुचू शकते हेच मुळात गृहीत धरलेलं नाही. तिच्याकडे परंपरा असते, आणि शिकलेल्याकडे कल्पना.

हात आणि डोकं यांची ही फाळणी कुठून आली? कामाची अशी वाटणी जातीच्या उतरंडीत आपल्याकडे होतीच. मुंबईत १८५७ साली सर ज. जी. कलाशाळा सुरू झाली आणि पुढं इंग्लंडमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर इथलं कलाशिक्षण घडत गेलं, तेव्हा 'ललित' आणि 'उपयोजित', कला आणि कारागिरी असे कप्पेही त्यासोबत आले. दोन्ही उतरंडी एकमेकींना छान सावरून उभ्या राहिल्या. आणि ज्या युरोपातून हे कप्पे आले तिथं तरी बाईचं काय झालं? कला आणि कारागिरी यांतली भिंत पाडायची असं जाहीर करून १९१९ साली जर्मनीत वायमार इथं बाउहाउस ही शाळा सुरू झाली. स्त्रियांना समान प्रवेश असं म्हटलं गेलं आणि स्त्रिया मोठ्या संख्येनं आल्या. तेव्हा घाबरून शाळेनं बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेत धाडलं. ॲनी अल्बर्सना काचकाम शिकायचं होतं, त्या मागावर गेल्या. त्यांनी आणि गुंटा श्टोल्झलनं त्या मागावर जे केलं त्याला तोड नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९४९ साली अल्बर्सच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. पण भिंत पाडायला निघालेल्या शाळेतसुद्धा बायकांसाठी आत एक वेगळी भिंत घातली गेली, हे विसरता येत नाही. आजही आपल्याकडे मुलीला चित्रकलेला पाठवायचं झालं तर घरचे म्हणतात, "टेक्स्टाइल घे, नाहीतर ए.टी.डी. करून शाळेत लाग."

आमच्या कार्यकर्त्यांपैकी काहींनी हा लेख लिहिण्याआधीच मला अडवलं. त्यांचं म्हणणं, लोककला ही अनामच असते, तिला नावाचा हव्यास आपण शहरी लोक लावतो. हा युक्तिवाद मला चांगला माहीत आहे आणि तो मला मान्य नाही. वारल्यांचं उदाहरण घ्या. लग्नाचा चौक घरातल्या सवाशिणी लिहीत, तांदळाच्या पिठानं, भिंतीवर. धवलेरी गाणी म्हणे. चौकात पालघट देवी बसे. या कामाला नाव नव्हतं हे खरं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूच्या भागात कागद आणि रंग घेऊन गेले, चित्र भिंतीवरून कागदावर आलं, कागद विकता येऊ लागला, आणि चित्राला लगेच नाव लाभलं. ते नाव पुरुषाचं होतं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे मोठे चित्रकार होते, त्यांच्या रेषेबद्दल कुणाच्या मनात शंका नाही, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती योग्यच. पण ज्या सवाशिणींनी ही चित्रभाषा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्यापैकी किती जणींची नावं आपण पटकन सांगू शकतो?

हे असंच व्हायचं होतं, असंही कुणी म्हणू नये. कारण हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या दुष्काळात, बिहारमधल्या मधुबनीला कागद घेऊन गेले होते. तिथंही भिंतीवरची चित्रं बायकांचीच होती. तिथं बायकांची नावं पुढं आली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ साली, आणि गंगा देवींचं नाव देशाबाहेर गेलं. म्हणजे माणूस एकच, कागद तोच, आणि परिणाम वेगळे. याला अनेक कारणं असतील. मधुबनीत पहिल्यांदा पुढं आलेल्या बहुतेक बायका ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या होत्या, दलित बायकांची चित्रं नंतर आली, हेही त्यातच धरायला हवं. अनाम राहणं हा लोककलेचा स्वभाव नाही. पैसा नसतो तोवर सगळे अनाम असतात. पैसा आला की कुणाला नाव मिळायचं हे जात, लिंग आणि दारावर कागद घेऊन आलेला माणूस कुणाशी बोलतो यावर ठरतं. आपल्या वस्तीत येणारं प्रत्येक प्रोजेक्ट म्हणजे असाच दारावर आलेला कागद आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे : रेशन, पाणी, मारहाण, घरं तुटणं असे प्रश्न असताना चिठ्ठीवर नाव कुणाचं यात कशाला वेळ घालवायचा? माझं उत्तर असं की त्या गोधडीवर तुटलेली घरंच होती. त्या बायका पंचनाम्यात कधी आल्या नव्हत्या, सातबारावर नव्हत्या, घराच्या कागदावर नव्हत्या. त्यांनी आपल्या घरांचा नकाशा पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं काढला, आणि तिथूनही त्यांचं नाव गळलं. हा जर आपला प्रश्न नसेल तर मग आपला प्रश्न कोणता?

विक्रीचं काय झालं तेही सांगते. बायकांची बैठक झाली. दोघी म्हणाल्या, विका, पैसे येऊ द्या. आजी म्हणाल्या, माझ्या आईचा पदर मी विकायला दिला नव्हता. बराच वेळ वादावादी झाली. शेवटी ठरलं की तुकडे परत घ्यायचे. महाविद्यालयाला ते काम नोंदीसाठी ठेवून घ्यायचं होतं. मुलीनं ते मार्क लागल्यावर सरळ उचलून आणलं, आणि याचं श्रेय तिला द्यायला हवं. मग सगळ्यांनी बसून जोड उसवले. शिवायला सहा आठवडे लागले होते, उसवायला एक दुपार लागली. ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या घरी गेला. दोघींनी तो पुढं गोधडीत घातला आणि नातवंडांना पांघरला. चांगलं काम मोडलं याची हळहळ मला आजही आहे. पण नावं लिहून आणि पैशाचं आधी ठरवून ते उभं राहिलं असतं तर मोडावं लागलं नसतं, हेही तितकंच खरं.

म्हणून आमच्या बायकांनी आता अटी केल्या आहेत, आणि माझी विनंती आहे की इतर मंडळांनीही त्या कराव्यात. प्रोजेक्टसाठी शिवून घ्यायचं असेल तर गोधडीच्या रोजच्या दरानं मजुरी, आणि तीही आधी ठरवून. बोलण्यासाठी वेळ घेतला तर त्या वेळेचेही पैसे, कारण त्या तासात तिचं शिवण थांबलेलं असतं. चिठ्ठीवर प्रत्येकीचं नाव, तिनं सांगितलं असेल त्याच रूपात, आणि मुलीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. जिला नाव नको तिचं घालू नये. वहीत ज्या पानांवर आमच्याविषयी लिहिलंय ती पानं सबमिशनआधी आम्हाला मराठीत वाचून दाखवायची. वस्तू कुणाची राहणार, विकली तर वाटे कसे, हे पहिल्याच दिवशी कागदावर. आणि प्रदर्शनात ज्यांनी काम केलं त्यांना हात लावता आला पाहिजे. ही शेवटची अट आजींनी घालायला लावली.

यातलं निम्मं तरी विद्यार्थ्यांच्या हातात नाही. साहित्याचा खर्चच त्यांना झेपत नाही, मजुरी कुठून देणार? म्हणून खरी मागणी महाविद्यालयांकडे आहे. वस्तीत मुलं पाठवायची असतील तर त्यासाठी पैसे राखा. दोघींनी, चौघींनी मिळून केलेल्या कामाला मार्क द्यायची पद्धत काढा. 'सर्वस्वी माझं' या सहीच्या जागी 'कुणी काय केलं' अशी यादी मागा, म्हणजे मुलांना दोन वह्या ठेवाव्या लागणार नाहीत. समाजकार्याच्या महाविद्यालयांनीही फार हसू नये. फील्डवर्कच्या अहवालांत बायका 'केस' होऊन येतात, आणि त्यांच्या तोंडची वाक्यं विद्यार्थ्यांची निरीक्षणं होऊन जातात.

आणि संघटनांनाही यातून सूट नाही. आठ मार्च चार दिवसांवर आला की कलेच्या विद्यार्थिनींना फोन जातो : एक पोस्टर करून दे ना, चळवळीचं काम आहे. ना पैसे, ना पोस्टरवर नाव, वर पुन्हा 'बाईचा चेहरा जरा दुःखी दाखव' अशी सूचना. त्या मुलींचे रंग, कागद आणि जागलेल्या रात्री कोण मोजणार? जे आपण महाविद्यालयांकडे मागतो ते आपल्या पुढच्या पोस्टरपासून लागू करावं लागेल.

या वर्षी आतापर्यंत तीन विद्यार्थ्यांनी केंद्रात फोन केले. दोघांनी अटी ऐकून 'सरांना विचारून सांगतो' म्हटलं आणि परत फोन केला नाही. तिसरी मुलगी येऊन बसली, सगळा कागद वाचला आणि मजुरीच्या आकड्यावर अडली. तिच्याकडे निम्मेच पैसे होते. बायकांनी तिला सांगितलं की मग काम निम्मं कर, नऊ नको, चौघीच घे. त्या चौघी कोण, यावरून सध्या आमच्याकडे भांडण चालू आहे.